ओली कात

पेटीचं झाकण उघडलं की आधी वास यायचा. भिजलेल्या नारळाच्या भुशाचा कुबट वास, त्यात उंदराच्या केसांचा, आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी कसला तरी गोडसर. केतकी तायडे रोज सकाळी साडेसहाला हातमोजे चढवायची, तोंडाने श्वास घ्यायची आणि जनावराची घाण चमच्याने उचलायची. एक काळपट गोळा आणि त्याच्याजवळ खडूसारखे पांढरे खडे. कधी त्यात न पचलेली नखं दिसायची. मग ती भुसा वरखाली करायची, पाण्याचं भांडं घासायची. तेवढा वेळ चार फुटांचा तो जाडजूड अजगर पेटीच्या दुसऱ्या टोकाला वेटोळं करून पडलेला असायचा. चुकून त्याच्या अंगाला हात लागला की तिच्या मानेवर काटा यायचा. दहा महिन्यांत त्यात काही फरक पडला नव्हता.

नंतर ती कोपरापर्यंत हात दोनदा साबणाने धुवायची. तरी डबा भरताना पोळीला तोच वास येतोय असं तिला वाटायचं.

अजगर तिच्या नवऱ्यासाठी होता. हर्षल इलेक्ट्रिकल इंजिनिअर. अकोल्याबाहेरच्या एका कारखान्यात दोन वर्षांपूर्वी ट्रान्सफॉर्मरचं तेल पेटलं, तेव्हा तो सहा फुटांवर उभा होता. छाती, उजवा हात, मान आणि चेहरा जळला. जीव वाचला. त्याआधी हर्षल तायडे म्हणजे गावातला देखणा माणूस. कुठलाही सत्कार असो, कुणाचा वाढदिवस असो, सूत्रसंचालन त्याच्याकडेच. माइक हातात घेऊन तो उभा राहिला की पहिल्या रांगेतल्या बाया एकमेकींना कोपरखळी मारायच्या, आणि केतकीला त्याचा राग न येता गंमतच वाटायची.

हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा पट्ट्या सोडल्या त्या दिवशी ती पलंगाशेजारी उभी होती. डॉक्टरांनी शेवटची जाळी उचलली. केतकीने एकदा पाहिलं, बेसिनपर्यंत कशीबशी पोचली आणि उलटी केली. नळ सोडला होता, पण खोली लहान होती. नंतर तिने त्याला सांगितलं की औषधांच्या वासाने मळमळलं. त्याने मान हलवली. त्यानंतर दोघांनी तो विषय कधी काढला नाही. मात्र जेवताना ती ताटात बघायची, आणि ती ताटात बघते आहे हे तो बघायचा.

अजगराबद्दल नागपूरच्या एका संस्थेने सांगितलं. तिथे असं काम सुरू होऊन चार वर्षं झाली होती. भाजलेल्या माणसाच्या अंगावर त्याचीच कातडी लावणं सगळ्यात चांगलं, पण जास्त भाजलेल्याकडे तेवढी कातडी शिल्लक नसते. प्रयोगशाळेत वाढवलेली कातडी जाळीसारखी नाजूक निघायची आणि लावताना फाटायची. मग कुणाला तरी सुचलं की जो प्राणी जन्मभर अखंड कातडी तयार करून उतरवून ठेवतो, त्याच्याकडूनच ती का घेऊ नये. आफ्रिकेतल्या एका बुटक्या जातीच्या अजगराच्या अंड्यात, गर्भ अगदी लहान असतानाच, रुग्णाच्या कातडीतल्या पेशी सोडायच्या. त्या गर्भाबरोबर वाढतात. अजगर मोठा झाला की प्रत्येक कातेच्या आतल्या अंगाला, दुधावर साय धरावी तसा, त्या माणसाच्या कातडीचा पातळ ओला थर धरतो. कात अखंड उतरली की तो थर उलगडून जखमेवर पसरायचा. शरीर त्याला परका मानत नाही.

अडचण एकच होती. हवा कोरडी असली की कात अंगाला चिकटते आणि तुकड्यातुकड्यांनी निघते, मग तो थर फाटून वाया जातो. हवा सतत ओली ठेवली तर कात छान निघते, पण जनावर सडतं. पोटाखाली फोड येतात, फुप्फुसात पू होतो. म्हणून एरवी पेटीतली आर्द्रता साठ टक्के ठेवायची. अजगराचे डोळे दुधाळ निळे झाले, की कात जवळ आली असं समजून आर्द्रता चार-पाच दिवस ऐंशीवर न्यायची आणि कात उतरली की पुन्हा साठवर. मे महिन्यात अकोल्याच्या हवेत पंधरा टक्केसुद्धा ओलावा नसतो, त्यामुळे हे सगळं काम पेटीच्या मागचा फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, करायचा. त्याच्या टाकीत आठवड्याला एक गोळी विरघळवायची. ती गोळी धुक्यावाटे अजगराच्या फुप्फुसात जाते आणि त्याची थायरॉइड ग्रंथी मंद करते. सापांमध्ये ही ग्रंथी मंदावली की कात लवकर लवकर पडते. सहा आठवड्यांऐवजी तीन.

एवढे अजगर संस्थेत ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते ज्याच्या त्याच्या घरी देत. सगळी सूत्रं रुग्णाच्या मोबाइलवर. घरी पेटी आली त्या दिवशी संस्थेच्या डॉ. इरावती पुसदकरांनी दोघांना बसवून हे समजावलं आणि पेटी रोज कोण हाताळणार, असं विचारलं. हर्षल म्हणाला, आम्ही दोघं मिळून करू. तोवर त्याने पेटीकडे एकदाच पाहिलं होतं. नंतरही त्याने त्या जनावराला कधी हात लावला नाही. त्याला सापांची लहानपणापासून शिसारी होती. केतकीलाही होती, पण कुणीतरी करायला हवं होतं.

आणि गुण आला, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. छातीवरचे व्रण गेले. उजव्या हाताची बोटं सुटी झाली. हिवाळा संपता संपता मान बरी झाली आणि मार्चमध्ये चेहऱ्याची डावी बाजू. नवा गाल गुळगुळीत होता. त्यावर ना सुरकुती ना दाढीचे खुंट. विशिष्ट उजेडात त्यावर अगदी पुसट चौकटी दिसायच्या, शंकरपाळ्यांवर कातणाने आखलेल्या असतात तशा. येणारे जाणारे म्हणायचे, चमत्कारच झाला. हर्षल आता टेबलाशी तिरपा बसायला लागला, म्हणजे केतकीला डावी बाजू दिसेल. ती त्या गालाकडे बघायची. तिला आठवायचं की हा गाल कुठून सोलून निघाला आणि त्या दिवशी भुशात काय काय पडलेलं होतं. मग ती पुन्हा ताटात बघायची.

बारा जूनला त्याच्या कारखान्याचा वार्षिक समारंभ होता. त्याने सूत्रसंचालन करायचं कबूल केलं होतं. उजव्या बाजूसाठी आणखी दोन काती लागणार होत्या.

एप्रिलच्या शेवटी केतकीला थंडी वाजायला लागली. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, आणि ती कामावर शाल घेऊन बसायची. ती कापसाच्या प्रयोगशाळेत ओलावा तपासणीस होती. रुईच्या गाठींतून नमुना काढायचा, मीटर खुपसायचा, आकडा लिहायचा. पंधरा वर्षांत हात असा तयार झाला होता, की मुठीत रुई दाबली तरी साडेआठ टक्के आणि दहा टक्के यांतला फरक तिला कळायचा. बरोबरीच्या बाया तिच्या शालीला हसल्या. एकीने विचारलं, दिवस गेले की काय. कंगव्यात केसांचे पुंजके येत होते. सकाळी पापण्या जड व्हायच्या, आवाज बसल्यासारखा झाला होता. तिने ते उन्हाळ्यावर आणि वयावर ढकललं. हर्षल एकदा म्हणाला, तुझा चेहरा सुजल्यासारखा दिसतो. एवढं बोलून तो मोबाइलकडे वळला.

त्याच दिवसांत कात फार भराभर पडायला लागली. एप्रिलमधली तेरा दिवसांत आली, त्यानंतरची दहा दिवसांत. त्या दोन्ही डाव्या कपाळाला आणि कानाला लागल्या, आणि हर्षल खुशीत होता. केतकीच्या मनात मात्र पेटी खुपत होती. वास बदलला होता. काठीने भुसा हलवला की त्याखालून आंबूस, गरम दर्प यायचा. हा दर्प तिच्या ओळखीचा होता. काही लोक वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणतात. असा ढीग दोन दिवस पडून राहिला की आतून तापतो आणि असाच वास सोडतो. पेटीवरचा आकडा साठ दाखवत होता. तिने मोजा काढून उघडी मूठ भुशात घातली आणि दाबली. बोटांच्या फटींतून पाणी आलं.

अजगर आता वेटोळं घालून पडत नव्हता. तो मान उभी करून, तोंड छताकडे धरून तासन् तास तसाच राहायचा. एका शनिवारी सकाळी ती जवळ वाकली. त्याच्या तोंडाच्या कडेला फेस होता. प्रत्येक श्वासाला नाकपुडीत एक बुडबुडा फुगायचा आणि फुटायचा, आणि हुक्का ओढल्यासारखा बारीक आवाज यायचा. तिने काठीने त्याचं अंग थोडं उचललं. पोटावरच्या रुंद खवल्यांखाली पिवळट फोड होते. त्यातला एक फुटून काठीवर ओघळला. केतकी मोरीत धावली. उलटी झाली नाही, नुसते कोरडे उमासे आले.

दुपारी ती प्रयोगशाळेतून हवेतला ओलावा मोजायचा मीटर पर्समध्ये घालून घरी घेऊन आली. हर्षल कामावर होता. तिने मीटर पेटीत ठेवला आणि दहा मिनिटं वाट पाहिली. पेटी साठ म्हणत होती; डोळे दुधाळ होऊनही हर्षलने या वेळी ती ऐंशीवर नेली नव्हती. मीटरवर एक्याण्णव होतं.

तिने नागपूरला फोन लावला. डॉ. इरावती पडद्यावर आल्या. पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी मोबाइल पेटीकडे वळवायला सांगितला, अजगराचं तोंड पाहिलं, श्वासाचा आवाज ऐकला. मग डोळे जवळून दाखवायला सांगितले. डोळे चार दिवस दुधाळ होते आणि आज पुन्हा निवळले होते. म्हणजे कात दोन दिवसांवर आली होती.

त्यांनी पेटीची नोंद उघडली आणि मार्चपर्यंत मागे वाचत गेल्या. मग म्हणाल्या की पेटीच्या मीटरमध्ये फेरफार केलेला दिसतो. पेटीला साठ वाटतं तेव्हा आत नव्वद असावं, असं कुणीतरी मार्चपासून ठरवून ठेवलं आहे. हा फेरफार फक्त नोंदणी असलेल्या मोबाइलवरून होतो. गोळ्यासुद्धा आठवड्याला एकाऐवजी तीन पडत आहेत.

केतकी म्हणाली की टाकीत गोळ्या हर्षल टाकतो. पेटीजवळ येऊन तेवढं एकच काम तो करायचा.

आता डॉ. इरावती अजगराबद्दल बोलत नव्हत्या. त्यांनी तिला मोबाइल स्वतःकडे वळवायला सांगितला.

“ताई, तुमच्या पापण्या कधीपासून सुजल्यात?”

“महिना झाला असेल.”

“थंडी वाजते?”

केतकीच्या खांद्यावर शाल होतीच. ती तिने पडद्यापुढे धरली.

त्या सावकाश बोलायला लागल्या. गोळीचं औषध धुक्यातून माणसाच्याही फुप्फुसात जातं. एका गोळीचं प्रमाण इतकं कमी असतं की झाकण उघडल्यावर दोन मिनिटं बाजूला थांबलं तरी पुरतं. तीन गोळ्या आणि नव्वद टक्के धुकं असेल, तर रोज अर्धा तास त्यात तोंड घालणाऱ्या माणसाची थायरॉइड हळूहळू झोपी जाते. औषध बंद केलं की बहुतेकदा ती पुन्हा उठते. बहुतेकदा, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. आजच्या आज रक्त तपासून घ्या, म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं की तुम्हाला इशारे मिळाले नाहीत का.

“कसले इशारे?”

औषध जास्त पडतंय हे लक्षात आल्यावर संस्थेतून दोनदा इशारा गेला होता, एप्रिलमध्ये आणि मेच्या पहिल्या आठवड्यात. पेटी हाताळणाऱ्या व्यक्तीला धोका आहे, ताबडतोब कळवा, असा. दोन्ही वेळा उत्तर आलं होतं. डॉ. इरावतींनी ते वाचून दाखवलं. त्यांचा आवाज कोरडा होता.

“पेटी मी स्वतः हाताळतो. मास्क लावतो. घरात पेटीला हात लावणारं दुसरं कोणी नाही.”

केतकीने त्यांना ते पुन्हा वाचायला लावलं.

त्यानंतर अजगराचं काय करायचं ते ठरवायचं होतं. डॉ. इरावतींनी दोन्ही बाजू मांडल्या. पेटी अशीच ओली ठेवली तर परवापर्यंत कात अखंड उतरेल, ती चेहऱ्याला वापरता येईल. पण तोवर जनावर जगणार नाही, त्याची फुप्फुसं भरत आली आहेत. आत्ता फॉगर बंद करून हवा कोरडी केली, ऊब दिली आणि उद्या सकाळी नागपूरला आणलं, तर वाचायची थोडी आशा आहे. मात्र मग कात फाटून निघेल, वाया जाईल. नवा अजगर तयार व्हायला चौदा महिने लागतात, आणि अशी नोंद असताना हर्षलला तो मिळेल की नाही, हे त्या सांगू शकत नव्हत्या.

“नियमाने निर्णय त्यांचा असतो,” त्या म्हणाल्या. “पण पेटीजवळ तुम्ही आहात.”

केतकीने रक्त दिलं. तासाभरात मोबाइलवर आकडे आले, आणि ते समजायला डॉक्टरची गरज नव्हती. घरी येऊन ती पेटीसमोर खुर्ची टाकून बसली. जनावर तसंच मान वर करून श्वास ओढत होतं. तिला त्याची दया आली असं म्हणता येणार नाही. तिला अजूनही शिसारीच येत होती, त्या फेसाची, त्या फोडांची, पापणी नसलेल्या त्या डोळ्यांची. पण आज पहिल्यांदा त्या शिसारीत आणखी कुणाचा तरी वाटा होता, आणि तो पेटीच्या बाहेर होता.

हर्षल साडेचारला आला. ती खुर्चीत बसलेली, पेटीजवळ प्रयोगशाळेचा मीटर. त्याने मीटरवरचा आकडा पाहिला आणि बॅग खाली ठेवली. तिने काही विचारण्याआधीच तो बोलायला लागला. संस्थेवाले नको तितके घाबरट आहेत, म्हणाला. इंटरनेटवर त्याला इतर रुग्णांचा एक गट सापडला होता. तिथे बरेच जण असंच करतात. फक्त दोन काती, मग पेटी परतच द्यायची होती. जनावर शेवटी जनावर आहे, त्याला याचसाठी जन्माला घातलंय.

केतकीने त्याला रक्ताचा रिपोर्ट दाखवला. त्याने तो वाचला. त्याच्या डाव्या गालावर काहीच उमटलं नाही, तिथे कधीच काही उमटायचं नाही. उजवीकडे, आकसलेल्या कातडीखाली, काहीतरी हललं.

“इशारा आला तेव्हा तुला काय वाटलं?” तिने विचारलं.

“वाटलं, पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“माझे केस गळताना दिसत होते?”

त्याने रिपोर्ट परत दिला. मग म्हणाला, “तू माझ्याकडे दोन वर्षांत एकदा तरी नीट पाहिलं का? त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तू काय केलं ते मला ऐकू आलं होतं. मी हे कुणासाठी करून राहिलो असं वाटतं तुला?”

हे खरं होतं. केतकीला ते झटकून टाकता आलं नाही. ती उठली. तिने फॉगरची पिन काढली. धुक्याचा सूं असा आवाज थांबला. घरात तो आवाज दहा महिने सतत होता. तो थांबल्यावर आतल्या जनावराची घरघर स्पष्ट ऐकू यायला लागली. तिने झाकणाच्या दोन्ही कड्या सोडल्या आणि काच पूर्ण सरकवली. सगळं धुकं आणि सगळा वास खोलीत आला. हर्षलने नाकावर हात धरला.

“बंद कर ते,” तो म्हणाला. “केतकी, दोन दिवस. फक्त दोन दिवस दे मला.”

“तू कर बंद.”

पिन तिच्या पायाशी पडली होती. ती बसवायचा बोर्ड पेटीच्या मागच्या भिंतीवर होता. तिथे पोचायला त्याला पेटीवर ओणवं होऊन, जनावराच्या तोंडावरून हात न्यावा लागला असता. तो दोन पावलं पुढे आला. अजगराने मान त्याच्या दिशेने वळवली आणि नाकपुडीत बुडबुडा फुगला. हर्षल थांबला. त्याचा उजवा हात, या जनावराने दिलेला, अर्धवट पुढे आला आणि मागे गेला. तो पुन्हा पुढे झाला, पुन्हा थांबला. त्याच्या घशातून उमाशाचा आवाज आला. ते पाहून केतकीला त्याची इतकी किळस आली, की हॉस्पिटलमधली ती किळस तिच्यापुढे काहीच नव्हती.

तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

संध्याकाळपर्यंत काम चाललं. डॉ. इरावती फोनवर सांगत होत्या आणि केतकी करत होती. तोंडाला मास्क बांधला. खिडक्या उघडल्या. भुसा काढून बादलीत भरला. खालच्या थरात पांढऱ्या बुरशीचे धागे होते, आणि त्यात एक उंदीर, जो अजगराने केव्हातरी परत ओकला होता. पेटीत कोरडं फडकं घातलं, कडेला दिव्याची ऊब लावली. मग टबात बोटभर कोमट पाणी घेतलं आणि जनावर उचललं. मोज्यांची जोडी भुसा काढताना फाटली होती, दुसरी नव्हती. तिने त्याला उघड्या हातांनी धरलं. तो ढिला, जड होता, आणि त्याच्या फोडांचं पाणी तिच्या मनगटावरून खाली आलं. त्याने चावायचा प्रयत्नही केला नाही.

कात वेळेआधीच सुटायला लागली होती, पण हवा बदलल्यामुळे जागोजाग चिकटत होती. तशीच राहिली तर तिच्याखाली नवी कातडी कुजेल, डॉ. इरावती म्हणाल्या, ओल्या फडक्याने हळूहळू सोडवा. केतकीने ती सोडवली. शेपटीकडून एक वीत, मग टीचभर, मग नखाएवढे तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला फिकट गुलाबी साय होती, आणि ती तिच्या बोटांना लागून फाटत होती. ती हर्षलच्या चेहऱ्याची कातडी आहे, हे तिला ठाऊक होतं. ती थांबली नाही. डोळ्यावरची चकती सगळ्यात शेवटी निघाली. ती काढताना तिने श्वास रोखून धरला होता.

हर्षल दुसऱ्या दिवशी सकाळीच मूर्तिजापूरला आईकडे निघून गेला. निघताना तो फक्त एवढंच म्हणाला की एका सापासाठी तू माझा चेहरा फेकून दिला. केतकीने त्याला सांगितलं की सापासाठी नाही. त्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. संस्थेची गाडी दहा वाजता आली आणि पेटी घेऊन गेली.

अजगर वाचला. त्याचं एक फुप्फुस कायमचं गेलं, आणि संस्थेने त्याला कातेच्या कामातून काढलं. जुलैमध्ये डॉ. इरावतींनी फोन करून हे सांगितलं. पेटी हाताळणाऱ्याची सही आणि रक्ततपासणी यापुढे दर महिन्याला वेगळी घेणार, हेही सांगितलं. मग थोडं अडखळत विचारलं की तुम्हाला त्याला भेटायला यायचंय का. केतकी नाही म्हणाली. मला त्याची अजूनही शिसारी येते, खोटं कशाला बोलू, म्हणाली. डॉ. इरावती हसल्या. केतकीची स्वतःची ग्रंथी हळूहळू उठत होती. सप्टेंबरमध्ये तिने शाल घडी करून कपाटात ठेवली, पण थायरॉइडची रोजची एक गोळी तिला जन्मभर घ्यावी लागेल असं डॉक्टर म्हणाले.

डिसेंबरमध्ये, कापसाचा हंगाम भरात असताना, हर्षल प्रयोगशाळेत आला. बाहेर गाड्यांची रांग लागली होती आणि वजनकाट्यावर आरडाओरडा चालला होता. तो त्या सगळ्या लोकांमधून चालत आला. तोंडाला रुमाल नव्हता, टोपी नव्हती. चेहऱ्याची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी जळून आकसलेली. त्या बाजूला ओठ खाली ओढला गेला होता आणि डोळ्याची कड लाल होती. हमाल काम थांबवून पाहत होते. तो त्यांच्याकडे न पाहता केतकीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

तिने त्याला स्टुलावर बसायला सांगितलं आणि चहा मागवला. तो म्हणाला की त्याने दुसऱ्या अजगरासाठी अर्ज केला नाही. करता आला असता, संस्थेने एक माफीचं पत्र मागितलं होतं, पण त्याने ते लिहिलं नाही. आधी पत्र तुला लिहावं असं वाटलं, म्हणाला, ते जमलं नाही म्हणून आलो. कारखान्याचा समारंभ त्याने असाच केला होता, याच चेहऱ्याने. पहिली दहा मिनिटं लोक खाली मान घालून बसले. नंतर सवय झाली.

“तुला माझ्याकडे पाहवत नव्हतं,” तो म्हणाला. “माझं डोकं त्यातच अडकून राहिलं होतं.”

“नव्हतंच पाहवत,” केतकी म्हणाली. “ते मला लपवता आलं नाही, त्याचं वाईट वाटतं. पण मी निदान तुझ्याकडे पाहायला घाबरत होते. तुझ्या लेखी मी घरातच नव्हते. तसं लिहून दिलं होतंस तू.”

त्याने पेल्यातला चहा संपवला. मग त्याने विचारलं की तो परत आला तर चालेल का.

 तिने ढिगातून रुईचा पुंजका उचलला, मुठीत दाबला, आकडा वहीत लिहिला. मग म्हणाली की नाही, आता नाही, पुढचं तिला माहीत नाही. तू यायचं कळवत जा, चहा घेऊन जात जा, तेवढं पुरे. तो बरं म्हणाला. उठताना त्याने निरोपासाठी हात पुढे केला, तो उजवा, नितळ हात. ती तो धरू शकली नाही. तिने नुसती मान डोलावली, आणि त्याने राग न धरता हात खिशात घातला.

तो फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की एवढा वेळ ती त्याच्या जळलेल्या बाजूशीच बोलत होती. ती ओबडधोबड कातडी, तो ओढलेला ओठ, लाल डोळा, सगळं तिने नजर न हलवता पाहिलं होतं. नव्या गालाकडे मात्र तिला एकदाही पाहवलं नव्हतं.